हेलिकॉप्टर हवं, पण भामरागडला

महामार्गावर मोठा अपघात झाला की पुढचे तीन-चार दिवस आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा पेटतो. एक बाजू विचारते, हजारो कोटींचे रस्ते बांधता, मग जखमींना उचलायला हेलिकॉप्टर का नाही? जर्मनीत आहे, जपानमध्ये आहे, आपल्याकडेच का नको? दुसरी बाजू तेवढ्याच तावातावानं उत्तर देते, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नेमा, कुत्रा चावल्यावरची लस ठेवा, मग हवेतल्या गोष्टी करा. पहिल्यांना दुसरे मागासलेले वाटतात, दुसऱ्यांना पहिले गरिबांची जाण नसलेले. आठवडाभरात विषय मावळतो आणि पुढच्या अपघाताला त्याच वाक्यांसह परत येतो.

मला वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभं राहून भांडत आहेत. डॉक्टर आणि उपचारांची साधनं घेऊन उडणारं हेलिकॉप्टर महाराष्ट्राला हवं आहे. ते सरकारी खर्चानं हवं आहे आणि रुग्णाला फुकट हवं आहे. पण ते ज्या द्रुतगती महामार्गांसाठी मागितलं जातं, तिथे त्याची गरज सर्वांत कमी आहे. ते हवं आहे गडचिरोलीत भामरागडला, एटापल्लीला, सातपुड्यात धडगावला, मेळघाटात धारणीला. ज्या दुर्गम भागाच्या नावानं हेलिकॉप्टरला विरोध होतो, त्याच भागाला त्याचा पहिला हक्क पोचतो. हे म्हणणं नीट मांडायचं तर विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करावं लागेल, आणि ते थोडंथोडकं नाही.

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यूच असायचा. धडधाकट माणूस, लहान मूल, काही तासांत फुप्फुसात पाणी भरून जायचं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हे विष हृदयावर कसं काम करतं ते टिपलं आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी त्यावर लागू पडते हे दाखवून दिलं. विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. एक गोळी आणि गावातलीच एक बाई. यांनी जेवढे जीव वाचवले तेवढे हेलिकॉप्टरांचा एखादा ताफाही वाचवू शकणार नाही. म्हणून “आधी आरोग्य केंद्र” म्हणणाऱ्या माणसाला कुणी अडाणी ठरवू नये. तो जे सांगतो आहे ते महाराष्ट्रानं स्वतःच्या अनुभवातून सिद्ध केलेलं आहे.

मग अडतं कुठे? या युक्तिवादात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: पुरेसा पैसा आणि पुरेशी इच्छाशक्ती असली की प्रत्येक उपचार गावापर्यंत नेता येतो. विंचवाची गोळी नेता येते. सर्पदंशावरचं इंजेक्शन नेता येतं, ते न्यायलाच हवं. पण झाडावरून पडून डोक्यात रक्तस्राव झालेल्या तरुणाचं काय? बाळंतपणात गर्भाशय फाटलेल्या बाईचं काय? बैलानं शिंग मारून प्लीहा फुटलेल्याचं काय? त्यांना सीटी स्कॅन, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकाच छताखाली आणि त्याच तासात लागतात. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिथे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं राहतात; राज्याचा हाच आकडा ३६५ आहे. आरोग्याचा खर्च उद्या तिप्पट केला तरी भामरागडला मेंदूचा शल्यविशारद ठेवता येणार नाही, आणि ठेवूही नये. महिन्याकाठी एखादी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा हात सुटतो. हात बसतो तो रोजच्या कामानं, आणि रोजचं काम जिथे माणसं दाट आहेत तिथेच मिळतं. म्हणजे वस्ती विरळ असलेल्या मुलखात काही उपचार कधीच नसणार आहेत. ही कुणा सरकारची नालायकी नाही, हा साधा हिशेब आहे. मग उरतात दोन वाटा: माणूस उपचारापर्यंत वेळेत न्यायचा, किंवा तो वाटेत मरेल हे मान्य करायचं. आज आपण दुसरी वाट धरलेली आहे. सातपुड्यात अजूनही बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला डोंगरावरून खाली आणतात आणि गडचिरोलीत खाटेवर घालून नाला ओलांडतात.

हेलिकॉप्टरनं रुग्ण उचलण्याची कल्पनाही श्रीमंत शहरात जन्मलेली नाही. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात एक छोटं विमान पडलं. त्यातला वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक जपानी फौजांच्या मागच्या बाजूला अडकले होते. रस्ता नव्हता, विमान उतरायला जागा नव्हती. कार्टर हार्मन नावाच्या तरुण अमेरिकी वैमानिकानं सिकोर्स्कीचं अगदी बाल्यावस्थेतलं हेलिकॉप्टर तिथे नेलं. त्या दमट उष्ण हवेत ते यंत्र एका वेळी एकच माणूस उचलू शकत होतं, म्हणून त्यानं चार फेऱ्या करून चौघांना बाहेर काढलं. कोरियाच्या आणि व्हिएतनामच्या युद्धांत याच कामाचा विस्तार झाला, आणि मग ते नागरी जीवनात आलं. ज्या मुलखात रस्ता संपतो तिथून सुरुवात झालेल्या यंत्राला आपण सहापदरी रस्त्याची शोभा समजू लागलो, इथे या वादाची पहिली चूक आहे.

भामरागडची गोष्ट थोडी तपशिलात सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथे उभा आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर हे तालुक्याचं गाव आहे. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की तालुक्याचा जगाशी संपर्क तुटतो, आणि वर्षानुवर्षं, एका पावसाळ्यात अनेकदा, हे घडत आलं आहे. पलीकडे हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून उभं केलेलं लोकबिरादरी प्रकल्पाचं रुग्णालय आहे. त्या माणसांनी कंदिलाच्या उजेडात जे केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण तिथूनही पुढे न्यायची वेळ आली तर जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब आणि नागपूर त्याच्याही पुढे तेवढंच. आता पुराचा एक विशेष लक्षात घ्या. हा पूर पुष्कळदा वरच्या अंगाला, छत्तीसगडात पडलेल्या पावसाचा असतो. पाऊस थांबतो, आभाळ उघडतं, ऊन पडतं, आणि पुलावरचं पाणी मात्र दोन-दोन दिवस हलत नाही. रस्ता बंद आणि आकाश मोकळं, अशी ही वेळ असते. हेलिकॉप्टरला याहून योग्य काम शोधून सापडणार नाही.

आणि तिथे हेलिकॉप्टर आजही उडतं! नक्षलविरोधी मोहिमांत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरनं नागपूरला नेलं जातं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीनंतर गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या विशेष पथकातल्या जखमी जवानांना असंच हलवलं होतं. पुराच्या दिवसांत गडचिरोली पोलिसांच्या हेलिकॉप्टरनं गर्भवतींनाही सुखरूप पोचवलेलं आहे, आणि त्याबद्दल त्या पोलिसांचे आभारच मानायला हवेत. पण ही सेवा नव्हे, हा चांगुलपणा आहे. ते हेलिकॉप्टर मोहिमेसाठी आहे. ते मोकळं असलं, कुणी अधिकाऱ्यानं पुढाकार घेतला, तर रुग्ण जातो. जंगलात गोळी लागलेल्या जवानासाठी उडणं शक्य आहे हे आपण रोज सिद्ध करतो. त्याच जंगलातल्या बाळंतिणीसाठी ते महाग कसं ठरतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता महामार्गाकडे येतो. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरची मागणी पुन्हा जोरात झाली. त्या रात्रीचा शांतपणे विचार करू. अपघात झाला मध्यरात्र उलटल्यावर दीडच्या सुमाराला. आग काही मिनिटांत पसरली. जगातलं सर्वोत्तम हेलिकॉप्टर पन्नास किलोमीटरवर इंजिन सुरू करून उभं असतं तरी त्यातल्या एकालाही ते वाचवू शकलं नसतं. त्यांना वाचवू शकल्या असत्या त्या वेगळ्या गोष्टी: उघडणारा संकटकालीन दरवाजा, काच फोडायची हातोडी, पुरेशी झोप झालेला चालक. त्या माणसांच्या नावानं हेलिकॉप्टर मागणं म्हणजे त्यांच्या मृत्यूचं खरं कारण नजरेआड करणं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. त्याच सुमाराला तिथे शून्य मृत्यू मार्गाची मोहीम हाती घेतली गेली. रस्त्याकडेचे धोके काढले, कठडे बसवले, वेगावर आणि बेशिस्त उभ्या वाहनांवर लक्ष ठेवलं, आणि मृत्यू बरेच घटले. हे काम कॅमेऱ्यासमोर नारळ फोडण्यासारखं दिसत नाही, पण महामार्गावर जीव असेच वाचतात.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. हेलिकॉप्टर ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं जातं म्हणून ते नेहमी लवकर पोचतं, असं आपण धरून चालतो. यंत्र सुरू करायचं, उतरायला जागा शोधायची, रुग्णाला स्थिर करून आत घ्यायचं, पुन्हा उतरायचं, यात मिनिटं जातात. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात (२००५) असं दिसलं की रुग्णवाहिका आणि हेलिकॉप्टर एकाच वेळी निघाले तर साधारण १६ किलोमीटरच्या पुढे हेलिकॉप्टर सरस ठरतं. पण आधी रुग्णवाहिका जाऊन पाहणार आणि मग हेलिकॉप्टर बोलावणार, असं असेल तर हेच अंतर ७२ किलोमीटरवर जातं. यंत्र तेच, वेग तोच. फरक पडला तो फोन उचलणाऱ्या माणसानं निर्णय कधी घेतला यामुळे. आपल्याकडे हा माणूस १०८ च्या नियंत्रण कक्षात, पुण्यात औंधला बसतो. हेलिकॉप्टर कोणतं घ्यायचं याची चर्चा सुरू करण्याआधी त्या खुर्चीवरच्या माणसाला काय शिकवलंय आणि कोणता अधिकार दिलाय, हे विचारायला हवं.

हेलिकॉप्टरनं खरंच जीव वाचतात का? वाचतात, पण भक्त सांगतात तितके नाही. २०१२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या २,२३,४७५ गंभीर जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वोच्च दर्जाच्या ट्रॉमा सेंटरला, म्हणजे गंभीर जखमींसाठीच्या खास रुग्णालयाला, हेलिकॉप्टरनं नेलेल्या साधारण ६५ रुग्णांमागे एक जास्तीचा जीव वाचला, असा त्याचा हिशेब आहे. त्याआधी २००६ मध्ये बावीस अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेलिकॉप्टरनं नेलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या जखमा किरकोळ निघाल्या आणि चौथ्या हिश्शाहून जास्त लोक चोवीस तासांत घरी गेले. विरोधकांच्या हातातलं हे चांगलं हत्यार आहे, ते मी नाकारत नाही. पण हे आकडे कुठले आहेत? जिथे रस्ते उत्तम आहेत आणि जमिनीवरची रुग्णवाहिका अर्ध्या तासात चांगल्या रुग्णालयात पोचवते, तिथले. तिथे हेलिकॉप्टरची तुलना चांगल्या रुग्णवाहिकेशी होते. भामरागडच्या पुरात त्याची तुलना कशाशी करायची? खाटेशी? हाच २००६ चा अभ्यास मला दुसरीही गोष्ट शिकवतो. कुणाला उचलायचं याची कडक निवड नसेल तर पैसा मोडक्या बोटांवर उधळला जातो, आणि ती निवड डॉक्टरनं करायची असते.

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं, पण अर्धवट दिलं जातं. मे १९६९ मध्ये स्टुटगार्टजवळ ब्यॉर्न स्टायगर नावाचा आठ वर्षांचा मुलगा रस्त्यावर गाडीखाली आला. रुग्णवाहिका यायला जवळजवळ तास लागला. तो जखमांनी गेला नाही, वाटेत धक्क्यानं, म्हणजे डॉक्टरी भाषेतल्या ‘शॉक’नं गेला. त्याच्या आईवडिलांनी दोन महिन्यांत एक संस्था काढली. त्यांनी हेलिकॉप्टर मागण्यापासून सुरुवात केली नाही. त्यांनी रस्त्याकडेला मदतीसाठी दूरध्वनी मागितले, रुग्णवाहिकांत बिनतारी संच मागितले, सगळ्या देशाला एकच आपत्कालीन क्रमांक मागितला. हवाई बचाव त्यांनी १९७२ मध्ये हाती घेतला. म्युनिकमध्ये ‘ख्रिस्टॉफ १’ हे हेलिकॉप्टर नोव्हेंबर १९७० पासून रुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं, तेही सुटं नव्हतं. जमिनीवरच्या बचावसेवेशी ते जोडलेलं होतं आणि त्यात डॉक्टर बसत होता. लंडनमध्ये १९८९ पासून अशी सेवा आहे. तिथे अंधार पडल्यावर हेलिकॉप्टर थांबतं आणि तोच डॉक्टर, तोच पॅरामेडिक, त्याच पिशव्या घेऊन मोटारीनं निघतात. रक्ताच्या पिशव्याही २०१२ पासून त्यांच्यासोबत असतात. रस्त्याकडेला छाती उघडून हृदयाला टाका घालण्यापर्यंत या लोकांची तयारी असते. म्हणजे सेवा हेलिकॉप्टरची नाहीच, ती त्या दोन माणसांची आहे. वाहन वेळेप्रमाणे बदलतं.

म्हणून “आरोग्य केंद्र की हेलिकॉप्टर” हा प्रश्नच मला पटत नाही. भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं रक्तस्राव रोखला नाही, शिरेत सुई घातली नाही, योग्य वेळी फोन केला नाही, तर हेलिकॉप्टर नेईल ते प्रेत. आणि नागपूरला शस्त्रक्रियागृह मोकळं नसेल तर जिवंत माणूस नेऊनही उपयोग नाही. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली आणि त्यात डॉक्टर बसवण्याचा निर्णय राज्यानं घेतला. तो मोठा निर्णय होता. त्यातल्या निवडक डॉक्टरांना श्वासनलिकेत नळी घालणं, छातीत साठलेली हवा काढणं, प्रवासात भूल सांभाळणं, हे एक-दोन वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या ट्रॉमा विभागात शिकवता येईल. ते शिकलेले लोक हेलिकॉप्टर येईपर्यंत रुग्णवाहिकेतही तेच काम करतील. पहिला खर्च तिथे व्हावा.

खर्चाचा मुद्दा उरतोच. दोन इंजिनांचं, आत स्ट्रेचर मावणारं हेलिकॉप्टर महाग असतं; वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग, विमा हे सगळं रुग्ण असो-नसो चालू राहतं. दर रुग्णामागचा आकडा काढला तर तो डोळे पांढरे करणारा येईल. पण अग्निशमन दलाचा खर्च आपण दर आगीमागे काढतो का? बंब बहुतेक वेळ उभाच असतो आणि त्याच्या उभं राहण्याचेच पैसे आपण देतो. हे शहाणपण जगालाही एका दिवसात आलेलं नाही. लंडनमध्ये एके काळी आग विझवण्याचं काम विमा कंपन्या करायच्या. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या प्रचंड आगीत कंपन्यांचं कंबरडं मोडलं, आणि हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं त्यांनीच सरकारला सांगितलं. १८६६ मध्ये सार्वजनिक अग्निशमन दल उभं राहिलं. आपल्याकडे एसटीचं उदाहरण आहे. दिवसातून एकदा मुक्कामाला जाणाऱ्या गाडीच्या तिकिटांत तिच्या डिझेलचा खर्च कधी निघाला? तरी ती गाडी गेली म्हणून त्या गावातल्या मुली शाळेत गेल्या. तोट्यातली फेरी चालवायची हे या राज्यानं एकदा ठरवलेलं आहे.

पैसे किती, यापेक्षा ते कसे द्यायचे हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकलं तर माणसं मरतात. अमेरिकेनं हे काम मोठ्या प्रमाणात खासगी कंपन्यांकडे, उड्डाणामागे बिल या पद्धतीनं सोपवलं. २०१७ मध्ये तिथल्या निम्म्या हेलिकॉप्टर फेऱ्यांचं बिल सुमारे ३६,४०० डॉलरहून जास्त होतं. बेशुद्ध माणसाला कुठल्या कंपनीचं हेलिकॉप्टर हवं ते कोण विचारणार? शुद्धीवर आल्यावर तो कर्जबाजारी झालेला असायचा. या अचानक बिलांना आळा घालणारा कायदा लागू व्हायला २०२२ उजाडलं. त्याहून वाईट गोष्ट सुरक्षेची. उडालं तरच पैसे असतील तर खराब हवेतही उडावंसं वाटतं. एका कंपनीनं धुक्यामुळे नकार दिला की दुसरीला फोन करायचा, आणि पहिलीनं नकार का दिला ते सांगायचं नाही, असं तिथे घडत होतं. २००८ हे त्या क्षेत्रातलं सर्वांत भीषण वर्ष ठरलं. अपघातांत २९ जण गेले. त्यातून शिकून चांगल्या सेवांनी काही रिवाज पक्के केले. उड्डाणाचा निर्णय घेताना वैमानिकाला रुग्ण कोण आहे, मूल आहे की म्हातारा, हे सांगायचंच नाही; त्यानं फक्त हवा आणि यंत्र पाहून हो किंवा नाही म्हणायचं. आणि आतल्या तिघांपैकी एकानंही नको म्हटलं तर उड्डाण रद्द, कारण विचारायचं नाही.

आपल्याकडे देशातली पहिली मोफत हेलिकॉप्टर रुग्णसेवा ऋषीकेशच्या एम्समधून ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी तेच हेलिकॉप्टर रुग्णाला आणायला केदारनाथला गेलं असता उतरताना कोसळलं. आतले डॉक्टर, परिचारक आणि वैमानिक सुदैवानं वाचले. ती बातमी आल्यावर “बघा, म्हणून सांगत होतो” असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांचं भय खरं आहे. हिमालयातली विरळ हवा, अरुंद दऱ्या आणि त्या हंगामातले यात्रेकरूंच्या हेलिकॉप्टरांचे अपघात पाहून कुणालाही भीती वाटेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष हाच की कुठे, कधी आणि कोणत्या यंत्रानं उडायचं याचे नियम कडक हवेत. रुग्णवाहिकेला अपघात झाला म्हणून आपण रुग्णवाहिका बंद केल्या नाहीत.

याच कारणासाठी मी माझ्या स्वतःच्या मुलखाविरुद्ध बोलणार आहे. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे “बांबोळीला हलवलं” एवढं कानावर आलं की घरातलं बोलणं बंद होतं, कारण गोव्याच्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं म्हणजे इथे हात टेकले. मुंबई–गोवा महामार्गाचं काम एका तपाहून जास्त काळ रखडलेलं आम्ही भोगलं आहे. तेव्हा पहिलं हेलिकॉप्टर कोकणाला द्या, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा काय झालं ते आठवा. सांताक्रूझला दोन हेलिकॉप्टर तयार होती आणि खराब हवेमुळे ती उडू शकली नाहीत. यशवंती हायकर्स, शिवदुर्ग मित्र यांसारख्या संस्थांची मुलं, जवान, सगळे चिखलातून डोंगर चढून गेले. सह्याद्रीच्या पावसाळी ढगात हेलिकॉप्टरचा भरवसा धरता येत नाही. जिथे संकट आणि ढग एकाच वेळी येतात तिथे हे यंत्र तोकडं पडतं. जिथे ढग जातात आणि पाणी राहतं तिथे ते उपयोगी पडतं. कोकणाला आधी पुरा झालेला रस्ता आणि सावंतवाडी-कणकवलीला सुसज्ज अपघात विभाग हवा. हेलिकॉप्टर नंतर.

एक धोका मात्र मला खरोखर घाबरवतो, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आपल्याकडे तालुक्याच्या मैदानावर एका रात्रीत हेलिपॅड तयार होतं. सरकारी रुग्ण-हेलिकॉप्टर आलं की ते उद्घाटनाला, पाहणीला, कुणा वजनदार माणसाच्या नातेवाइकाला हलवायला वापरलं जाणार नाही, याची हमी काय? १७९२ मध्ये दॉमिनिक लारे या फ्रेंच लष्करी सर्जननं घोड्यांच्या हलक्या गाड्या काढल्या आणि त्यांना “उडत्या रुग्णवाहिका” असं नाव पडलं. तोवर जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत मैदानात पडून राहत. लारेनं गाड्यांसोबत एक नियमही घातला: आधी कोण, हे जखम ठरवेल, हुद्दा नाही. सरदार थांबेल, शिपाई आधी जाईल. गाडी सगळ्यांनी उचलली. नियम पाळायला जगाला पुष्कळ वेळ लागला.

म्हणून राज्यानं हे हेलिकॉप्टर घेतलं तर ते राजशिष्टाचार विभागाच्या हाती नसावं, १०८ च्या हाती असावं. करार वर्षभराच्या सज्जतेचा असावा, फेऱ्यांचा नको. प्रत्येक उड्डाणाची नोंद, रुग्णाचं नाव वगळून, महिन्याच्या महिन्याला जाहीर व्हावी: फोन कधी आला, निघाले कधी, का निघाले नाहीत. तळ गडचिरोलीत असावा. सुरुवातीला ते दिवसाच उडेल, हे लोकांना स्पष्ट सांगावं. आणि पुराच्या तिसऱ्या दिवशी, ऊन पडलेलं असताना, भामरागडच्या डॉक्टरनं औंधला फोन केला की तिथल्या माणसानं हवामान पाहावं, वैमानिकाला विचारावं आणि यंत्र सोडावं. मधे एकाही साहेबाची सही लागता कामा नये.